पोटाची बीजप्रक्रिया

रिसोडला देवमनचं कृषी केंद्र आहे. पेरणीआधी बियाण्याला औषध चोळलं की ते मातीत कुजत नाही, हे तो वीस वर्षं शेतकऱ्यांना सांगत आलाय. त्यामुळे अँटिऑक्सिडंट पोटाच्या अस्तराला दारूपासून वाचवतात, असं मोबाइलवर वाचल्याबरोबर त्याला पटलं. प्रयोग उंदरांवर झाला होता. त्यात त्याला अडचण दिसली नाही. आपल्या गोदामातले उंदीर ठणठणीत असल्याचं तो रोज पाहत होता.

तेव्हापासून पहिल्या पेगआधी अँटिऑक्सिडंटची एक कॅप्सूल. एवढी सोय झाल्यावर शनिवारची बैठक बुधवारीही बसू लागली. कॅप्सूल मात्र रोजच्या झाल्या.

तिसऱ्या आठवड्यात संडासात त्याला काळंकुट्ट दिसलं. पोटात रक्तस्राव, असं मोबाइलने सांगितलं. त्याच मोबाइलने.

"वैजू, मी चाललो वाटते," तो बायकोला म्हणाला.

"कुठं? दुकानात?"

दुसऱ्या दिवशी दोघं वाशिमला पोचले. डॉक्टरांनी विचारलं, "दारू?"

"कधीमधी."

"बुधवारी आन् शनिवारी," वैजयंती म्हणाली. "त्या दिवशी हे लय इलायची खातेत, साहेब."

"काही औषधं चालू?"

"नाई," देवमन म्हणाला. कॅप्सूलला तो औषध समजत नव्हता.

घशात फवारा मारून नळी आत गेली. वैजयंती बाहेरच्या बाकावर पदराचं टोक पिळत बसली.

"जखम नाही, रक्त नाही," डॉक्टरांनी तिला आत बोलावून सांगितलं. "अस्तर जरा लाल आहे, ते दारूचं. पण मग काळं कशानं?"

तेव्हा कुठे देवमनने खिशातून कॅप्सूलची डबी काढली. डॉक्टरांनी ती फिरवून वाचली. "यात लोह आहे. काळं त्यानंच झालं."

"मंग हे पोटाचं रक्षण करून नाई राह्यलं?"

"उंदराचं करत असेल. तुम्ही दारू सोडा, बाकी पोट बघून घेईल."

बाहेर येताच वैजयंती हुंदके देऊन रडू लागली.

"आता काहून रडून राह्यली? काई नाई निघालं ना!"

"कालपासून रडू येऊन राह्यलं होतं. पन तुमी समोर होते."

 देवमनने तिच्या हातातली पिशवी घेतली आणि समोरच्या टपरीवर पोहे सांगितले. घसा बधिर असल्याने त्याला अर्धा तास खायची मनाई होती. वैजयंतीने दोन प्लेटा संपवल्या. तो शेजारी बसून बघत राहिला.