पत्र्यावरचे दगड

लातुरात बारावी झालेली पोरं सुट्टीत कुठं जातात? कुठंच जात नाहीत. एका क्लासातून उठतात अन् दुसऱ्यात जाऊन बसतात. त्यामुळं औसा तालुक्यातली वर्षाराणी मेडिकलची परीक्षा देऊन थेट नेपाळला निघाली, तेव्हा गावानं तोंडात बोटं घातली. त्यात हिंदूची पोरगी, अन् चर्चच्या पोरांबरोबर! नेपाळला पासपोर्ट लागत नसला म्हणून काय झालं, परदेश तो परदेशच.

साल दोन हजार पंधरा. नेपाळात भूकंप होऊन महिना झाला होता. वर्षाराणीच्या खोलीवरची मैत्रीण सुवार्ता, तिच्या चर्चची तरुण मंडळी तिकडं निवारे बांधायला चालली होती. चर्चचे पाळकसाहेब म्हणाले होते, किल्लारीकडच्या गावातलं कुणी येत असेल तर बरोबर घेऊ, त्यांना हे दुःख सांगावं लागत नाही. वर्षाराणीला वाटलं, वडील मोडता घालणार. पण उद्धवआप्पा म्हणाले, "जा की. आपल्याकडं बी लांबलांबून माणसं आलती. कोन कुठला, कुनी इचारलं व्हतं?"

वर्षाराणीचा जन्म किल्लारीच्या भूकंपानंतरचा. त्याआधी आप्पांचा वेगळा संसार होता, बायको अन् एक लहान मुलगी. विसर्जनाच्या रात्री आप्पा पारावर बसलेले, अन् त्या दोघी दगडामातीच्या घरात झोपलेल्या. एवढंच तिला आईनं सांगितलं होतं. आप्पा त्यावर अवाक्षर काढत नसत. पुढं सरकारनं नवं घर दिलं, तर त्यात आप्पांनी ज्वारीची पोती रचली अन् आपण अंगणात खाट टाकली. पाऊस आला की ताडपत्री ओढायची, पण आत यायचं नाव नाही. पोतं काढायला जावंच लागलं तर दारात थांबायचे, मान वर करून छताकडं बघायचे, मग पाय टाकायचे. मैत्रिणी घरी आल्या की वर्षाराणीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. "आमचे आप्पा जरा तसेच आहेत," म्हणून ती विषय बदलायची.

नांदेडला गाडीत बसलेली मंडळी गाड्या बदलत, बसचे धक्के खात एकदाची त्या डोंगरातल्या गावी पोचली. सकाळी वर्षाराणी तोंड धुवायला बाहेर आली, तर समोरचा ढग काही हलेना. मग उजाडलं अन् तिच्या हातातला तांब्या तसाच राहिला. ढग कसला, पहाड होता! पांढराशुभ्र, आभाळाला टेकलेला. आमच्याकडं चार टेकड्या दिसल्या की माणसं डोंगर म्हणतात. मागं उपासना चालू झाली होती, पोरं मराठीतलं गाणं म्हणत होती, अन् गाता गाता एकेकाचा आवाज त्या पहाडाकडं बघून बंद पडत होता. कायम बडबडणारा सत्यम हळूच म्हणाला, "पाळकसाहेब, हे बी हललं व्हतं? हे?" पाळकसाहेबांनी नुसती मान हलवली.

त्यांच्या वाट्याला आला जितबहादूर नावाचा म्हातारा. दगडी घर पडून मुलगा अन् सून दोघंही गेली होती. उरली होती नात, सुनमाया, तीन-चार वर्षांची. प्लास्टिकच्या कागदाखाली राहून पोरीची छाती भरली होती. खोकायला लागली की डोळे पांढरे करायची. पाऊस तोंडावर आलेला. एकदा का तो लागला, तर ही पोर कागदाखाली जगणार नाही, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

पोरांनी हाताला फोड येईस्तोवर राबून बांबूची खोली उभी केली, वर पत्रा टाकला. सत्यमनं वाऱ्यासाठी पत्र्यावर चांगले थोराड दगड मांडले. लातूरपासून नांदेडपर्यंत कुठलंही शेड बघा, दगडाशिवाय पत्रा दिसायचा नाही.

जितबहादूरनं सगळ्यांना हात जोडले अन् खोलीत शेळ्या बांधल्या.

"आँ?" सत्यम भडकला. "शेळ्यासाठी आलो का आपन येवढ्या लांब?"

वर्षाराणीला हसू फुटलं. तेवढ्यात म्हातारा चारा टाकायला दारात गेला. थांबला. मान वर करून त्यानं छताकडं बघितलं, मग पाय टाकला. वर्षाराणीचं हसू तिथंच थांबलं. अगं बाई, हे तर आप्पाच! भाषा दुसरी, मुलूख दुसरा, अन् मान तीच.

"सत्यम, ते दगड काढ."

"पत्रा उडंल की."

"तारेनं बांध. अरे, दगडानंच त्याची मानसं खाल्ली, अन् आपन त्याच्या डोक्यावर पुन्हा दगडच ठिवले! दुसऱ्यानं ठिवले असते तर गोष्ट येगळी. आपन ठिवले, लातूरच्या मानसांनी!"

सत्यमचं तोंड पडलं. तो मुकाट वर चढला. एकेक दगड हातोहात खाली आला, पार ओढ्यापर्यंत गेला. म्हातारा टक लावून बघत होता. शेळ्या त्यानं बाहेर काढल्या, पण आपण आत जाईना. शेवटी सुनमायाला वर्षाराणीच्या हातात देऊन मोडक्या हिंदीत म्हणाला, "तुम ले जाओ." अन् लांब जाऊन उभा राहिला.

वर्षाराणी पोरीला मांडीवर घेऊन आत बसली. भरदुपारची वेळ. पोर पेंगायला लागली, अन् खालून घरघर आली. बांबू करकरले, पत्रा थडथडला. जन्मभर जे ऐकलं होतं, ते आता तिच्या बुडाखाली हलत होतं. तिला उठताच येईना. बाहेर आरडाओरड झाली, सगळी माणसं घरंदारं सोडून मोकळ्या रानात पळाली.

एकटा म्हातारा उलटा पळाला. आत!

तो दोघींवर पालथा झाला, दोन्ही डोक्यांवर त्यानं आपले हात धरले. धरणी थांबली. पत्रा थांबला. वरून काही म्हणजे काहीच पडलं नाही. म्हातारा हळूच बसता झाला, बांबूला पाठ टेकली अन् नातीला कुशीत घेतलं. दारात पोरं जमली होती. सुवार्ता रडत होती. प्रार्थना कुणी म्हटली नाही, पण सत्यमनं चपला काढल्या अन् तो तसाच उभा राहिला.

संध्याकाळी टेकाडावर रेंज मिळाली तसा वर्षाराणीनं आप्पांना फोन लावला. पहिल्यापासून सगळं सांगितलं. शेळ्या, दगड, अन् म्हातारा आत कसा पळाला ते. रेंज येत-जात होती. तिला वाटलं, फोन कटला.

"आप्पा?"

"ऐकायलोय," आप्पा म्हणाले. मग खाट करकरल्याचा आवाज आला. "मी बी पळालो व्हतो गं, वर्षे. आत जायालाच पळालो व्हतो. पर दार कुठं हाय, त्येच घावंना."