वाटणीतून सुटलेला उकिरडा

घाण? मी घाण? थोरल्या, तू सिमेंट आणायला गेलायस, तुला ऐकू जाणार नाही. तरी बोलतोच. मी तुझ्या घरामागचा उकिरडा बोलतोय.

तुझ्या बापानं हा खड्डा खणला. शेण, राख, भाजीची देठं, जे नको ते माझ्या अंगावर. मी कधी नाक मुरडलं नाही. वर्षभर पोटात कुजवलं आणि काळंभोर खत करून तुमच्याच रानात पाठवलं. मिटक्या मारत काकडी खातोस ना? ती कशावर पोसली, विचार की!

बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो म्हणे. मला तीस झाली.

बाप गेला, तुम्ही भाऊ भांडलात. रान वाटलं, बैल वाटले, शिडीसुद्धा करवतीनं अर्धी केलीत, शहाण्यांनो! आता दोघांचाही हात माळ्याला पोचत नाही. मला मात्र कापता येईना. कुणाचं शेण कुठलं, सांगणार कोण? म्हणून मी सामाईक राहिलो.

तुम्ही दोघं तोंड फिरवून बसलात, पण तुमच्या बायका रोज सकाळी पाट्या घेऊन माझ्यापाशी येतात. पाटी रिकामी करायला कितीसा वेळ लागतो? या तासभर उभ्या.

"पोरीचा ताप उतरला का गं?" तुझी बायको विचारते.

"उतरला, जाऊबाई. तुमच्याच औषधानं. यांना सांगितलं, माझ्या आईनं पाठवलं."

"बरं केलंस. माझं नाव ऐकून भावजींनी बाटलीच फोडली असती."

आणि तू? प्लास्टिकच्या पिशव्या आणून कोंबल्यास. मला त्या पचत नाहीत. आतला वारा कोंडला, पाणी साचलं, मग मी नासलो. वास सुटला तो तुझ्या करणीचा. आता मला बुजवून वर गाडी लावणार! धाकटाही तसलाच. म्हणतो, "बुजवू दे, मला काय!" भावाशी वागलात तसेच मातीशी वागताय.

काल तुझ्या बायकोनं सिमेंटचं ऐकलं आणि पाटी खाली ठेवली. म्हणाली, "आता कुठं भेटायचं गं?" खताची गोणी तू दुकानातून आणशील रे. त्यांना ही जागा कुठून आणशील?

आणि मी काय गुमान बुजणार आहे? पोटात अजून कुजतंय. वर सिमेंट ओत, एका पावसाळ्यात खचेन, तडे पाडीन, गाडी उताणी करीन तुझी.

सिमेंट परत कर. धाकट्याला हाक मार. दोघं खाली उतरा आणि माझ्यातल्या पिशव्या उपसा. आजच.