एकाचा होकार

चंपतरावांनी आपणच रंगवलेलं बाबारावांचं तैलचित्र उचललं आणि तोंड भिंतीकडे करून टेकवून ठेवलं. सकाळपासून त्या चेहऱ्याकडे पाहून त्यांना वीट आला होता. दोनदा ते चित्र बाबारावांच्या घरी नरखेडला गेलं होतं आणि दोनदा एस.टी.च्या टपावरून परत आलं होतं.

बाबाराव संत्र्याचे मोठे बागायतदार होते. त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं आणि वर्षश्राद्धाला चित्र घरात लागायलाच हवं होतं. थोरल्या मुलानं, गोपाळरावानं, ते पसंत केलं, तर त्याच्या बहिणीनं नाक खोटं ठरवलं. नाक सुधारलं, तर धाकटा भाऊ म्हणाला की बाबा एवढे गरीब स्वभावाचे कधीच दिसत नव्हते. चंपतराव मुकाट्यानं पुन्हा बसले. नागपुरात सीताबर्डीवर रंगीत फोटो मोठे करून देणारे स्टुडिओ निघाल्यापासून महाल भागातल्या त्यांच्या खोलीचा जिना फारसं कुणी चढत नव्हतं. हे चित्र तिसऱ्यांदा परत आलं, तर ब्रश धुऊन ठेवायचे ते कायमचेच, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. त्याचं फारसं वाईटही आता वाटत नव्हतं.

हे सगळं नीलाला ठाऊक होतं. शाळेतली चित्रकलेची नोकरी सोडून पोर्ट्रेटच्या ऑर्डरी घ्यायच्या, असं तिच्या मनात होतं, म्हणून ती दुपारची त्यांच्याकडे सल्ला घ्यायला येई. चंपतराव तिला धंद्याच्या गोष्टी पाढे म्हटल्यासारख्या सांगत. अर्धवट काम कुणाला दाखवू नको. सही बारीक कर, पण केल्याशिवाय राहू नको. चुलीच्या धुरानं चित्र काळं पडेल का, असं गिऱ्हाईक हमखास विचारतं. त्याला सांग, वरून वार्निश मारलं की धुराचं भय नाही, ओल्या फडक्यानं पुसलं की झालं. आणि एक गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगत.

"साऱ्या घराले विचारत बसशीन तर मेलेला माणूस कोणाच्याच हाती लागत नाही. एकाचा होकार घ्यायचा. ज्यानं त्याचं तोंड जास्त पाह्यलं, त्याचा."

"मग तुम्ही कोणाचा घेतला, काका?"

"ऑर्डर देली त्याचा," चंपतराव म्हणाले. "थकलं की माणूस सोपं पाहते."

म्हणून या खेपेला त्यांनी गोपाळरावाला निरोप धाडून आईलाच घेऊन यायला सांगितलं होतं. जन्मभर नवऱ्यासमोर वावरलेली बाई. तिच्याहून जास्त तो चेहरा कोण ओळखणार?

प्रयागबाई आल्या आणि न सांगता खुर्चीवर बसल्या. ठेंगणी, सुकलेली बाई. पण नजर मोठी चौकस. भिंतीवरची चित्रं त्यांनी एकेक करून पाहिली, हे कोण, ते कोण म्हणून नीलाला विचारलं, चहा बशीत ओतून सावकाश प्यायला. वर्षभरात माय बदलली, आता अंगणातही खुर्ची टाकून बसते, असं गोपाळराव थोडं हसत, थोडं ओशाळून म्हणाला. मग तो खाली पान खायला गेला. चंपतरावांनी चित्र फिरवून त्यांच्यासमोर धरलं.

प्रयागबाई बराच वेळ पाहत राहिल्या.

"असतीन असेच," त्या म्हणाल्या.

"नाक बराबर आहे का, बाई? डोळे?"

"मी काय सांगू, भाऊ. सासू होती, सासरे होते, मोठे दीर होते. पदर इथवर राहे. मंग ते सारे गेले, पन मान वर करायची सवय नाही लागली. मी त्याईच्या तोंडाकडे धड कवा पाह्यलंच नाही."

उभ्या हयातीत असं उत्तर चंपतरावांना कुणी दिलं नव्हतं, आणि ते ऐकून त्यांना स्वतःचीच लाज वाटली. नीलानं हळूच विचारलं, मग बाबारावांचं काय पाहिलं तुम्ही?

"हात," प्रयागबाई म्हणाल्या. "खाली मान घातली की हातच दिसे. काठीच्या मुठीवर ठेवलेला. अंगठा असा उभा झाला की समजायचं, आता काही खरं नाही."

आणि त्यांनी आपला अंगठा उभा करून दाखवला.

चित्र छातीपर्यंतचंच होतं, पण खाली कोरा कॅनव्हास वीतभर होता. मायलेक गेल्यावर चंपतरावांनी नीलाला काठी धरायला बसवलं, मग तिचा हात नाजूक पडतो म्हणून स्वतःचाच डावा हात आरशात पाहून रंगवला. शिरा आल्या, मूठ आली, आणि मुठीवर ताठ उभा अंगठा. हात पुरा झाला तसा चेहराही बदलला. नाकाला त्यांनी बोटही लावलं नव्हतं, तरी माणूस एकदम घरात आल्यासारखा वाटू लागला. फार दिवसांनी त्यांना आपल्या कामाचा आनंद झाला.

श्राद्धाच्या दोन दिवस आधी मायलेक पुन्हा आले. प्रयागबाई खुर्चीवर बसल्या, नीलाशी बोलू लागल्या. चंपतरावांनी चित्रावरचं फडकं काढलं.

प्रयागबाईंचं बोलणं तोंडातच राहिलं. त्या उठल्या. पदर कपाळावर ओढून, खुर्ची सोडून, भिंतीशी सरकून खाली जमिनीवर बसल्या आणि मान खाली घातली.

"हाव," गोपाळराव म्हणाला. "हे बाबाच आहेत."

होकार मिळाला होता, आणि तो कुणाचा हेही खोलीतल्या सगळ्यांना दिसत होतं. आता चित्र परत येणार नव्हतं. चंपतरावांचा दोन दिवसांचा आनंद मात्र कुठल्या कुठे गेला. रिकाम्या खुर्चीकडे पाहवेना, तसे ते चित्र बांधायला सुतळी शोधू लागले.

"लावान कुठं?" त्यांनी पाठमोऱ्यानंच विचारलं.

"मायच्या खोलीत. तिच्या बाजेच्या समोर. तिले बी सोबत होईन."

प्रयागबाईंनी पदर आणखी पुढे ओढला. चंपतरावांनी सुतळीची गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली.

"चूल कुठं आहे तुमची?"

"तिच्या खोलीले लागूनच."

"मंग तिथं नका लावू. तैलचित्र आहे, गोपाळराव, धूर खाते. वर्षभरात तोंड काळं पडन. पुढं बैठकीत लावा, आल्यागेल्याले दिसन."

गोपाळरावाला ते पटलं. त्यानं चित्र काखेत घेतलं आणि जिना उतरू लागला. प्रयागबाई भिंतीला धरून उठल्या. दाराशी थांबल्या, पदर मागे सारला आणि चंपतरावांच्या तोंडाकडे सरळ पाहिलं. मग त्याही गेल्या.

नीला रंगांच्या ट्यूबांची झाकणं लावत होती.

"काका," ती म्हणाली, "वार्निश मारलं की धुराचं भय नाही, असं तुम्हीच सांगितलं होतं मले."

"हाव," चंपतराव म्हणाले. "तेही ध्यानात ठेव."