करंगळी नसलेली बाहुली

मी एक जुनी, लहान मुलीएवढी बाहुली आहे. पण मित्रांनो, हुरळून जाऊ नका, मी खेळायची बाहुली नाही. नर्सिंग शिकणाऱ्या मुली माझ्यावर सराव करत. कारखान्यात माझं डोकं एका साच्यात ओतलं, हातपाय दुसऱ्यात. पापण्या बसवायच्या राहूनच गेल्या. आवाजाचा तर कुणी विचारही केला नाही.

सरावाच्या खोलीत भिंतीलगत माझी खाट होती. मुली मला अंघोळ घालत, ताप बघत, तोंडाला तोंड लावून छातीत श्वास भरत. त्या गेल्यावर मी तो सावकाश सोडत असे. रिकाम्या खोलीत फुस्स असा आवाज होई. झाडलोट करणाऱ्या मावशी म्हणूनच माझ्याकडे कधी पाठ करत नसत. जाताना त्या माझ्या तोंडावर रुमाल टाकत. मला ते मुळीच आवडत नसे.

कौतुक मात्र खूप झालं. "किती गुणाची, हूं की चूं करत नाही!" असं प्रत्येक तुकडी म्हणे. त्या मुलींतल्या एकीला सगळे हसरी म्हणत. तिच्या हातून मी एकदा खाली पडले आणि माझी उजवी करंगळी तुटली. तेव्हापासून माझा हात धरला की तिचा अंगठा आधी करंगळीच्या जागी उरलेल्या खाचेकडे जाई. "दुखतंय का गं?" ती विचारायची.

एका दुपारी शेजारचा मुलांचा वॉर्ड भरून गेला. उलट्या-जुलाबांची साथ होती. एक आई दोन लेकरं घेऊन आली. धाकट्यानं रडून दवाखाना डोक्यावर घेतला होता. थोरली माझ्याएवढीच होती, आणि अगदी गप्प. जागा नव्हती, म्हणून मला भिंतीकडे सरकवून तिला माझ्याच खाटेवर निजवलं. दोघींवर एकच चादर आली.

"ही शहाणी आहे हो, अजिबात त्रास देत नाही," आई म्हणाली आणि धाकट्यामागं धावली.

"झोप हं, शहाणी ती," हसरी तिला म्हणाली. मग ती टेबलाकडे वळून धाकट्यासाठी मीठ-साखरेचं पाणी कालवू लागली.

मी त्या मुलीकडे बघत होते. मला दुसरं काही करताच येत नाही. तिचे ओठ सुकले. डोळे खोल गेले. मग तिनं छताला नजर लावली आणि पापण्या हलवायचं जवळजवळ सोडूनच दिलं. मित्रांनो, ती माझ्यासारखी होत होती. मला फार भीती वाटली. ओरडावंसं वाटलं, पण त्या दिवशी माझ्यात कुणी श्वासही भरला नव्हता.

हसरी चादर सारखी करायला आली. आम्हा दोघींच्या मध्ये एक हात चादरीवर पडला होता, गार आणि ढिला. तिनं तो सवयीनं उचलला. "तुझं काय मध्येच गं?" असं मला चिडवत ती तो आत सरकवू लागली. तिचा अंगठा खाच शोधत गेला.

खाच नव्हती. करंगळी जागेवर होती.

"सिस्टर! लवकर या! ही गार पडलीय, हाकेला ओ देत नाही!"

सगळे धावले. सलाईन लागलं. संध्याकाळी ती मुलगी भोकाड पसरून रडली, आणि तिची आई हसायला लागली. हसरी मात्र माझ्या पायाशी बसून मुसमुसत होती. "गप्प आहे म्हणजे बरी आहे असं वाटलं मला. तुझी सवय झाली होती ना."

तिला शिकवणाऱ्या बाई शांतपणे म्हणाल्या, "रडणाऱ्या मुलात निदान रडायचा जोर असतो. गप्प पडलेलं मूल आधी बघायचं."

आता रडणारी नवी बाहुली आली आहे आणि मी कपाटात असते. हसरी स्वतःच बाई झाली आहे. नव्या मुलींच्या पहिल्या दिवशी ती मला बाहेर काढते आणि माझा तुटका हात प्रत्येकीच्या हातात देते.

मित्रांनो, तुमच्यासाठी माझ्याकडे एवढंच आहे. दुखलं, मळमळलं, तहान लागली, तर सांगा. कुणी ऐकलं नाही तर रडा. शहाणं म्हणवून घ्यायला गप्प बसू नका, त्यासाठी मी आहे. कपाटात माझ्याशेजारची जागा अजून रिकामी आहे. ती रिकामीच राहू द्या.