कानाशी धरलेला बाण

लेक सकाळीच सांगून गेली, "बाबा, माळ्यावरचे जुने लाकडी बाण काढून ठेवा. संध्याकाळी दवाखाना बंद केला की मैदानावर जाते." झालं, आमच्या ह्यांना तेवढंच हवं होतं. बाण करण्यात जन्म गेला. पुढे कारखान्याचे बाण आले आणि ह्यांना कोणी विचारेनासं झालं. माळ्यावर कोण चढलं? मी. धूळ कोणी पुसली? मीच.

मग हे खिडकीशी बसले. बाण डोळ्याशी धरून सरळ आहे का बघायचं, पिसं नखाने चाचपायची आणि शेवटी काठी कानाशी नेऊन हलकेच वाकवायची. जुन्या लाकडाला आतून गेलेला तडा दिसत नाही, पण वाकवलं की ते बारीकसं 'कट्' वाजतं. असा बाण सोडताना मोडला तर चिरफळी थेट धनुष्य धरलेल्या हातात घुसते. लेक दातांची डॉक्टर. तिचं सगळं त्या हातांवर.

मी भाजी निवडत होते. कट्. मी मान वर केली. ह्यांनी तो बाण चांगल्या बाणांत ठेवला. थोड्या वेळाने आणखी एक वाजला, तोही तिकडेच गेला.

ह्यांना कमी ऐकू येतं हे मला केव्हाचं माहीत. बेल वाजली की मी सांगते, फोनवर मी बोलते, लेक काही म्हणाली की तेच मोठ्याने पुन्हा म्हणते. "आई, हल्ली सगळं दोनदा बोलतेस," असं तिचं ऐकूनही घेते. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण दोन माणसांचं एकटीने ऐकून ऐकून दमले हो मी.

"सगळे ठणठणीत," हे म्हणाले.

"अहो, त्यातले दोन बाण वाजले."

"तुला काय कळतं त्यातलं?" राग नाकावरच.

मी उठले. त्यातला एक उचलून ह्यांच्या कानाशी धरला आणि वाकवला. कट्. चेहरा हलला नाही. दुसऱ्या कानाशी नेला. तिथेही तेच.

ह्यांनी बाण माझ्या हातातून घेऊन खाली ठेवला.

"केव्हापासून?"

"बेल बिघडली म्हणालात ना, तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"सगळं मीच बोलायचं का?"

ह्यांनी सगळे बाण पुन्हा एकत्र केले आणि स्टूल माझ्याजवळ ओढलं. ह्यांनी बाण माझ्या कानाशी धरून वाकवायचा, मी ऐकायचं. वाजला की ह्यांनी तो गुडघ्यावर मोडायचा. शंकेचा बाण शाबूत ठेवला तर कधीतरी कोणीतरी उचलतंच, हा ह्यांचाच जुना नियम.

शेवटी लाल पिसांचा राहिला. लेक झाली तेव्हा केलेला, कधी कुणाला दिला नव्हता. ह्यांनी तो अगदी जपून वाकवला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले. आवाज बारीक होता, पण होता. नाही म्हणावंसं फार वाटलं मला.

"वाजला," मी कशीबशी पुटपुटले.

"ऐकू नाही आलं," हे म्हणाले. "मोठ्याने सांग."

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच असं म्हणाले. मी मोठ्याने सांगितलं, आणि ह्यांनी बाण गुडघ्यावर घेतला.