के मालिकेतली एकोणीस मॉडेलं

दाक्षायणीने चौथ्यांदा मोजलं. सर्व्हरच्या पोटात मेमरीच्या पट्ट्या बसवायच्या खाचा आठच होत्या. कारखान्याच्या यादीत मात्र मॉडेल लिहिलं होतं ‘के आठशे ऐंशी’, आणि त्याला खाचा सोळा असतात.

सोलापुरातल्या त्या चादरींच्या कारखान्याचे सगळे संगणक तीच सांभाळायची. हा सर्व्हर तेरा वर्षांचा. चादरींच्या विणीची अकराशे चाळीस जेकार्ड डिझाइनं त्याच्यात होती, आणि मागच्या आठवड्यात त्याचा पॉवर सप्लाय जळाला. तिने डिस्क काढून दुसरीकडे जोडून पाहिल्या. पण एकेक नक्षी चार डिस्कांवर वाटून ठेवलेली, आणि ती परत जुळवायची कशी ते या एका यंत्रालाच ठाऊक. डिझाइनं नव्याने काढायची म्हणजे दोन-तीन वर्षांचं काम.

सर्व्हर बनवणाऱ्या कंपनीने ही ‘के’ मालिका कधीच बंद केली होती. बंगळुरूच्या एका व्यापाऱ्याकडे थोडे जुने सप्लाय शिल्लक होते, पण मॉडेलगणिक सप्लाय निराळा; चुकीचा जोडला तर उरलंसुरलंही जळायचं. यंत्राच्या कपाळावरची पट्टी वाचावी, तर दर खंडेनवमीला तिच्यावर भस्म लावून पुढे ते ओल्या फडक्याने पुसलेलं. नुसतं ‘के’ उरलं होतं, आणि जळालेल्या सप्लायवरची अक्षरं तर पार करपून गेली होती.

म्हणून तिने तक्ताच मांडला. जुनी माहितीपत्रकं, विकणाऱ्यांनी टाकलेले फोटो, पोलंडमधल्या कुणा हौशी माणसाच्या नोंदी, असं तीन दिवस वेचून एकोणीस मॉडेलं जमवली. खाचा किती, पंखे किती, सप्लाय कुठला. एकेक रकाना भरताना तिला फार बरं वाटे. आठ खाचांची मॉडेलं तीन निघाली, आणि तिघांचे सप्लाय तीन तऱ्हांचे.

“ताई, जुळलं का?” कारखान्याचे मालक प्रभुअण्णा दारातून म्हणाले. “शनिवारी भंगारवाला येतोय. जागा मोकळी करायचीय.”

“यादी आणि यंत्र जुळत नाही, अण्णा.”

“यादी कुणी केली?”

“मीच. इथे लागले त्या पहिल्या आठवड्यात.”

“मग यंत्रच चुकलं असणार की.”

ते हसत गेले. तिला मात्र आठवलं, यादी तिने सिद्धप्पाकाकांच्या वहीवरून टाइप केली होती. सिद्धप्पाकाका जुने भांडारपाल. निवृत्त झाले तरी रोज अकराला येऊन पेपर वाचत बसायचे.

“काका, या सर्व्हरचं मॉडेल आठशे ऐंशी लिहिलंय तुम्ही?”

“आठशे ऐंशी?” त्यांनी चष्मा वर केला. “छे गं. आण ती वही.”

कपाटाच्या तळातून तिने वही काढली. पान पिवळं पडलेलं, अक्षर मात्र मोत्यासारखं. काकांनी ओळीवर बोट ठेवलं.

K ४४०.

आधी इंग्रजी अक्षर दिसलं, म्हणून पुढचे आकडेही तिने इंग्रजीच धरले होते. मराठी चार तिने इंग्रजी आठ म्हणून वाचला, आणि तोही दोनदा.

“अक्षर इंग्रजीत नि आकडे मराठीत? असं कोण लिहितं, काका?”

“अक्षर त्यांच्या कंपनीचं. आकडे आपले हायत.” काकांनी पेपरची घडी घातली. “तू फिजिक्समधी एमेस्सी ना?”

“हो.”

“आनि चार येत न्हाय व्हय गं?”

ती परत यंत्रापाशी गेली. तक्त्यात के चारशे चाळीसपुढे लिहिलं होतं: आठ खाचा, तीन पंखे, मागे नेटवर्कची दोन तोंडं. पंखे तीन होते. तोंडं दोन होती. तिने ती पुन्हा मोजली, आणि मगच बंगळुरूला फोन केला.

शुक्रवारी दुपारी खोकं आलं. सप्लाय खटकन बसला. तिने बटण दाबलं. तिन्ही पंखे आधी घरघरले, मग एका सुरात फिरू लागले. पाच-सहा मिनिटांनी पडद्यावर फायलींची यादी उतरली. खाली आकडा होता अकराशे चाळीस.

प्रभुअण्णा तिच्या मागे उभे राहून एकेक चादर उघडायला लावत होते. “ही माझ्या लग्नातली. आहेरात सगळ्यांना दिली होती.” मग त्यांनी फोन काढला. “हां, उद्या येऊ नको. न्हाय, पुढच्या शनिवारी बी नको.”

दाक्षायणीने नवी डिस्क जोडून सगळी डिझाइनं तिच्यावर उतरवायला लावली. तीन तास लागतील, असं पडद्याने सांगितलं. तिने कारखान्याची यादी उघडली, आठशे ऐंशी खोडून चारशे चाळीस लिहिलं, आणि डबा घेऊन काकांच्या शेजारी जाऊन बसली.