सुपातल्या राण्या

मी पुण्याचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण अमरावतीत पहिली दोन वर्षं माझी ओळख एवढीच होती. टपालकचेरीत कारकून म्हणून बदलून आलो तेव्हा इथलं बोलणं ऐकून वाटायचं, प्रत्येक जण भांडायलाच घरून निघालाय. खिडकीशी येऊन कुणी "पत्र कावून नाई आलं?" असं विचारलं की माझं डोकं सणकायचं. जसं काही ते पत्र मीच वाटेत गिळलं होतं!

त्या दिवसांत सगळं वऱ्हाड कापसानं वेडं झालं होतं. तिकडे अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस थांबला आणि विलायतेच्या गिरण्यांना आमच्या काळ्या मातीची आठवण झाली. काल अनवाणी फिरणारा आज बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या घालत होता. रेल्वे अजून वऱ्हाडात पोचायची होती, पण गोरे खरेदीदार पोचले होते, आणि त्यांच्यामागून पत्रं. लिव्हरपूलहून, मुंबईहून, कुठून कुठून. त्या पत्रांवर रंगीत तिकिटं, आणि बहुतेक तिकिटांवर राणीचं तोंड.

या तिकिटांचा नाद आम्हाला लावला खुशालरावानं. वलगावच्या वाटेवर त्याची जमीन. कापसानं हात दिलेला, त्यामुळे शौक करायला मोकळा. एका गोऱ्या खरेदीदाराची मडम वापरलेली तिकिटं वहीत चिकटवते, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं आणि त्याच दिवशी ठरवलं की अमरावतीतही असं झालंच पाहिजे. माझ्याकडे येऊन म्हणाला, "वामनराव, तुमी टपालातले. तुमच्यावाचून हे काम होनार नाई."

"कचेरीतल्या एकाही पत्राला मी हात लावणार नाही," मी ठणकावलं.

"तुमाले पत्र कोनं मांगतलं? आडत्याच्या दुकानात खाली पाकिटं झाडूनं फेकून रायले. थे आपन उचलू."

अशी आमची तिकीट मंडळी सुरू झाली. खुशालराव, मी आणि नत्थुजी माळी. नत्थुजीला घेतलं ते त्याच्या बागेत विहीर होती, आंब्याची सावली होती म्हणून. पण रंगाची पारख त्याला आमच्या दोघांपेक्षा जास्त, जन्मभर फुलं ओवलेली. अकोल्याचे दलाल उत्तमराव गाडीवानाबरोबर पाकिटांचं गाठोडं पाठवायचे, तेही आमच्यातलेच धरायचे. दर रविवारी बागेत जमायचं. नवं तिकीट मध्ये ठेवायचं आणि बाकीच्यांनी विचारायचं, "कुठून आलं?" ज्यानं आणलं त्यानं गाव, देश, समुद्र, जे ठाऊक असेल ते सांगायचं. सांगता आलं नाही तर तिकीट बाजूला. एवढा एकच नियम, पण खुशालराव तो सरकारी कायद्यासारखा पाळायचा.

नत्थुजीची आई तानुबाई विहिरीपाशी भाजी निवडत हे सगळं ऐकायची. "चांगले मोठे मानसं तुमी," ती म्हणायची, "अन् कागदाले इचारता कुठून आला!" सगळं गाव तिला तानुमाय म्हणायचं. मला ते जमत नव्हतं. मी तानुबाईच म्हणायचो.

आता मुद्द्याचं सांगतो. टपालात आलेल्या तिकिटावर काळा शिक्का मारलेला असतो. खुशालरावाला तो बघवेना. "हे कोनती रीत?" तो म्हणाला. "बाई मानूस, त्यात राणी, अन् तिच्या तोंडाले काळं फासता?"

मी समजावलं की ते काळं मुद्दाम मारतात, तिकीट कुणी पुन्हा वापरू नये म्हणून.

"मंग आपल्याले कुठं वापरायचं हाय?"

झालं. आम्ही तिकिटं परातीत भिजवायला लागलो, रिठ्याच्या पाण्यानं अलगद चोळायला लागलो. शाई बरीचशी उतरायची. राणीचं तोंड उजळलं की खुशालराव असा खूश व्हायचा, जशी त्याच्या घरची सूनच न्हाऊन आली. राणीची अब्रू आम्ही तिघं अमरावतीत बसून राखत होतो. हसू नका, आम्हाला तेव्हा खरंच तसं वाटायचं.

मडमेसारखी चांगली वही मुंबईहून मागवली होती. ती येईपर्यंत धुतलेली तिकिटं एका डब्यात राहायची. संक्रांतीनंतरच्या एका रविवारी आम्ही ती सगळी काढली, वहीत जायच्या आधी शेवटची आंघोळ म्हणून परातीत टाकली आणि खुशालरावाची नवी दमणी, म्हणजे बैलांची हलकी गाडी, बघायला गेलो. परत आलो तर परात रिकामी. भिंतीला नवं कोरं सूप टेकवून ठेवलेलं, आणि त्या सुपाला आतून सगळ्या राण्या चिकटलेल्या. निळ्या, तपकिरी, हिरव्या, जांभळ्या, ओळीनं.

वऱ्हाडातच काय, आपल्याकडे सगळीकडेच बायका भिजवलेला कागद कुटतात, त्यात वाटलेली मेथी घालतात आणि नव्या सुपाला सारवतात, म्हणजे बारीक दाणा फटीतून गळत नाही. परातीत कागद भिजलेला, शेजारी तानुबाईची मेथी वाटलेली. तिला वाटलं, या रिकामटेकड्यांनी अखेर एक काम घरासाठी केलं.

खुशालराव मटकन खाली बसला. मग उठला आणि जो ओरडला तो बागेबाहेर ऐकू गेला. नत्थुजी एकदा आईकडे बघे, एकदा आमच्याकडे. मी नखानं एक तिकीट उचकटून पाहिलं, तर राणीचा अर्धा गाल हातात आला. मेथी सुकली की ती वज्राची आई.

"येवढा कायले बोंबलते रे?" तानुबाई म्हणाली. "कागदच त होते."

खुशालराव पुढचे कितीतरी रविवार आलाच नाही. मुंबईहून वही आली, ती कोरीच पडून राहिली. मंडळी मोडल्यात जमा होती.

आणि तेवढ्यात माझ्यावर आभाळ कोसळलं. अकोल्याला टपालखात्याचे तपासनीस साहेब मुक्कामाला होते. त्यांच्याकडे कुणीतरी निनावी कागाळी केली की अमरावतीचा टपाल कारकून बागेत बसून वापरलेली तिकिटं धुतो आणि पुन्हा विकतो. कागाळी साफ खोटी असती तर बरं झालं असतं. अर्धी खरी होती, तेच वाईट होतं. धुतलेली सगळी तिकिटं घेऊन हजर व्हा, असा हुकूम आला. नोकरी तर जाणारच होती, वर तुरुंग.

घरी माणिकचे दिवस भरत आलेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिची आई दोन वर्षांपूर्वी गेली, आणि पुण्यापर्यंतची बैलगाडीची वाट अशा अवस्थेत कोण करणार? मी तिला काही सांगितलं नाही. तिला सगळं कळलं होतं. "तिकिटंच धुतलीत ना? कुणाचं काही चोरलं नाहीत," एवढंच म्हणाली आणि माझ्यासाठी दशम्या बांधायला बसली.

पहाटे दारात दमणी उभी. बैल हाकायला खुद्द खुशालराव, शेजारी नत्थुजी. आणि मागे तानुबाई, मांडीवर ते सूप घेऊन.

"सूप माझ्याकडे द्या," मी म्हटलं. "तुम्हाला कशाला त्रास?"

"नाई देत," ती म्हणाली. "तुमी मानसं. कुठीबी ठेवसान, कुठीबी बससान. बसा गाडीत."

नत्थुजीची बायको सत्यभामा तेवढ्यात आमच्या घरात शिरली, माणिकजवळ राहायला. तिला कुणी बोलावलं होतं, मला माहीत नाही. निदान मी तरी नव्हतं.

अकोल्याला उत्तमरावांकडे उतरलो आणि दुसऱ्या दिवशी साहेबांपुढे उभे राहिलो. साहेब उंच, लालबुंद, उन्हानं कावलेले. हिंदुस्थानी चांगलं बोलायचे. त्यांनी विचारलं, तिकिटं धुतली? मी म्हटलं, धुतली. कशाला? आता हे कसं सांगायचं? "राणीसाहेबांच्या तोंडाला काळं होतं म्हणून," मी म्हणालो, आणि माझ्याच कानांना ते वेडगळ वाटलं.

"तिकिटं कुठे आहेत?"

तानुबाईनं सूप टेबलावर ठेवलं.

साहेब सुपावर वाकले. मग चाकू काढला आणि एका निळ्या तिकिटाची कड उचलायला लागले. तिकीट फाटलं. दुसरं फाटलं. तिसऱ्याच्या वेळी बांबूची चीपच निघाली. जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात म्हणतात. मी जात्यात उभा होतो, आणि सुपातल्या राण्या शांतपणे माझ्याकडे बघत होत्या.

"विकायची होती तर अशी कशाला चिकटवली?" साहेब स्वतःशीच म्हणाले. मग तानुबाईकडे वळले. "कागद कुटून लावतात ना? माझ्या खानसाम्याच्या घरी पाहिलंय. ही अख्खी कशी?"

"कुटाले घेतलं होतं," तानुबाई म्हणाली. "उखळात टाकलं, मुसळ उचललं, अन् पायलं त आतून बाईचं तोंड. बाईच्या तोंडावर मुसळ कसं मारू? मले नाई झालं. मंग तशीच लावली एकेक."

साहेब हसले नाहीत. खुर्चीत मागे टेकले आणि एकदम थकलेले दिसले. त्यांनी कारकुनाला काहीतरी लिहायला सांगितलं. मला म्हणाले, तुमच्यावर काही आरोप नाही, पण यापुढे टपालातल्या माणसानं रिठ्याला हात लावायचा नाही. आणि हे सूप पुरावा म्हणून कचेरीत राहील.

"सूप नाई राहानार," तानुबाई म्हणाली.

खुशालरावानं तिचा पदर ओढला. तिनं हात झटकला.

"मारसान त मारा. सूप मी या वामनरावच्या बायकोसाठी केलं हाय. तिचे दिवस भरले. पाचवीले लेकरू नव्या सुपात घालाव लागते, अन् थे सूप माहेरून येते. तिले इथं माहेर कोनतं? मी केलं. तुमच्या कचेरीत ठेवून लेकरू कायच्यात घालू?"

त्या रविवारी ती भिंतीला टेकवलेलं ते सूप माझ्या घरासाठी करत होती, आणि आम्ही तिघांनी ते कुणासाठी, एवढंही विचारलं नव्हतं. कागदाला कुठून आलास म्हणून विचारणारे आम्ही! माझे डोळे भरून आले. पुण्याचा असूनही मी ते पुसले नाहीत.

साहेबांनी सूप उचललं आणि स्वतःच्या हातानं तिच्या हातात दिलं.

परतीच्या वाटेवर खुशालरावानं दमणी थांबवली, खाली उतरला आणि तानुबाईच्या पाया पडला. "माय, चुकलो," म्हणाला.

"बैल हाक," ती म्हणाली. "पोरगी वाट पाहून रायली."

आम्ही पोचल्यानंतर आठवड्याच्या आत माणिकला मुलगी झाली. पाचवीच्या संध्याकाळी तानुबाई सूप घेऊन आली. त्यात थोडे तांदूळ पसरले, मऊ फडकं घातलं आणि माझी लेक त्यात ठेवली. फडकं अपुरं पडलं होतं, कडेनं राण्या डोकावत होत्या. लेकीनं तासाभरात सूप चांगलंच भिजवलं. एक तिकीटसुद्धा सुटलं नाही.

तानुबाई आल्याचं कळताच खुशालराव आणि नत्थुजी ओसरीवर येऊन बसले होते. तिनं लेकीसकट सूप उचललं आणि आमच्या तिघांच्या मध्ये आणून ठेवलं. कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत तिनं विचारलं, "सांगा आता. हे कुठून आलं?"

नियम नियम होता. गाव सांगायचं होतं. पुणं माझ्या तोंडात आलं होतं.

"तुमच्या घरून आलं, माय," मी म्हणालो.